पिग्मीच्या कार्डावर दिसतं ते सिबिलमध्ये दिसत नाही

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
बेळगाव आणि सीमाभागातील सर्व सहकारी सोसायट्या, सौहार्द संस्था व सहकारी बँका

विषय : मुलांच्या कॉलेजसाठी सिबिल न बघता, पण डोळे मिटूनही नाही, असं कर्ज देण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझा चेहरा ओळखीचा असेल, नाव कदाचित नसेल. सव्वीस वर्षं मी पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, दारोदार फिरून गोळा करतो. दुपारी चारला शहापूरच्या खडेबाजारातून सुरुवात, नाथ पै सर्कलवरून वडगाव, मग मागवाल्यांच्या, म्हणजे विणकरांच्या गल्ल्या, आणि रात्री साडेआठला खासबागेत शेवट. आधी पुठ्ठ्याचं कार्ड आणि कार्बनची पावती होती, आता गळ्यात मशीन असतं. चपला मात्र अजून वर्षाला दोन जोड लागतात.

ज्या संस्थेसाठी मी फिरतो तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तिच्या कमिशनवर माझं घर चाललं. म्हणून हे पत्र एका संस्थेला नाही, सगळ्यांना आहे. गल्लीच्या एका टोकाला एक सोसायटी आणि दुसऱ्या टोकाला दुसरी, अशा गावात आपण राहतो. पत्र कुणाला लागू पडतं ते ज्याचं त्याला कळेल.

मे-जून आला, पीयूसीचे (म्हणजे इकडच्या बारावीचे) आणि सीईटीचे निकाल लागले, की माझ्या फेरीला दुप्पट वेळ लागतो. पन्नास रुपये हातात ठेवता ठेवता माणूस आवाज खाली आणतो आणि विचारतो, "सिबिल न बघता कोण कर्ज देतंय काय हो, पोरीच्या कॉलेजला?" सिबिल म्हणजे माणसाने जुनी कर्जं कशी फेडली त्याची नोंद आणि त्यावरचे गुण. गेल्या हंगामात मी मोजलं. चौदा जणांनी विचारलं. त्यात मागवाले होते, उद्यमबागच्या फौंड्रीतले दोघे होते, एक रिक्षावाले होते आणि येळ्ळूरचे एक शेतकरीही होते, ज्यांच्याकडे जमीन आहे खरं सातबारा अजून आजोबांच्या नावाने आहे. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतः विचारत फिरलो होतो, म्हणून उत्तर देताना माझी जीभ अडखळते.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. मुलीला पीयूसीला चांगले मार्क पडले. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी प्रवेशात जी सोय ठेवली आहे, तिच्यातून तिला कोल्हापूर जिल्ह्यात बी.फार्मला सीट मिळाली. फी, हॉस्टेल, मेस सगळं धरून हिशेब केला. वर्षाला एक लाख कर्ज मिळालं तर बाकीचं मी ओढून नेणार होतो. चार वर्षांचे चार लाख.

एका बँकेत गेलो. साहेब तरुण, परराज्यातले, हिंदीतून बोलले आणि फार आदराने बोलले. माझा पॅन नंबर टाकला, थोडा वेळ थांबले, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. ६१८. ही पट्टी ३०० पासून ९०० पर्यंत असते. "काका, मुलीचं खातं कोरं आहे, तिचा प्रश्नच नाही. तुमचं बसत नाही."

न बसण्याचं कारण असं. २०१८ मध्ये माझ्या एका दोस्ताने टेम्पो घेतला आणि मी त्याला जामीन राहिलो. दोन वर्षं टेम्पो बरा चालला. मग २०२० आलं, टेम्पो दारात उभा राहिला, हप्ते थकले आणि दोस्त गोव्याला गेला तो गेलाच. नोटीस मला आली. मी जाऊन बोलणी केली, एक लाख दहा हजारांवर तोडगा निघाला, भिशी उचलून भरले. मिटलं असं समजून त्या दिवशी येताना बायकोला कुंदा आणला होता. कागदावर मात्र 'सेटल्ड' असा शेरा बसला. आपल्याकडे तडजोड झाली म्हणजे भांडण मिटलं, चहा झाला. सिबिलच्या भाषेत तडजोड म्हणजे हा माणूस पुरते पैसे देत नाही.

घरी येऊन मी उगाच एक हिशेब मांडला. रोजचे सरासरी दहा हजार धरले तर वर्षाचे तीस लाख, सव्वीस वर्षांचे पावणेआठ कोटींच्या वर. एवढा लोकांचा पैसा माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून तुमच्या तिजोरीत गेला आणि एका रुपयाचा फरक आला नाही. त्या स्क्रीनवर हे कुठेच नव्हतं.

दुसऱ्या बँकेची गंमत वेगळी. बेळगावची शाखा म्हणाली, कॉलेज कोल्हापूरकडे आहे, तिकडच्या शाखेत जा. तिकडची म्हणाली, पालक राहतात तिथल्या शाखेत जा. निपाणीपलीकडचा, राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका त्या पंधरवड्यात मी तीन वेळा ओलांडला. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. आमच्या अर्जाचा प्रश्न तिथे नेण्याइतका मोठा नव्हता. शाखेच्या हद्दीचं कारण सांगून शैक्षणिक कर्जाचा अर्ज परत पाठवू नका, असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना कळवलं होतं, हे मला नंतर कळलं. तोवर फीची तारीख उलटायला आली होती.

शेवटी काय केलं ते सांगायला नको, पण सांगतो. बायकोच्या पाटल्या. तुमच्यापैकीच एका संस्थेत, वीस मिनिटांत काम झालं. सोन्याला कुणी सिबिल विचारत नाही.

यानंतर मी जरा वाचायला लागलो. फेरीत दोन-तीन ग्राहक बँकेतून निवृत्त झालेले आहेत, त्यांना विचारलं. जे कळलं ते तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या आईबापांसाठीही लिहितो.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा नियम आहे. बँकांच्या संघटनेच्या नमुना योजनेत या रकमेपर्यंत पदरचा वाटा घालावा लागत नाही आणि आईवडील सहकर्जदार असले की पुरतं. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला २०१५ पासून केंद्राच्या हमी निधीचा आधार आहे. कर्ज बुडालं तर थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांची हमी. अर्ज नाकारायचा तर शाखेने एकट्याने नाकारू नये, वरच्या अधिकाऱ्याची संमती घ्यावी आणि कारण कळवावं, असंही बँकांच्या त्या नमुना योजनेत आहे. मला कारण तोंडी कळलं. कागद मिळाला नाही, आणि मागायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

मग गाडी अडते कुठे? माझं मत विचाराल तर असं : तारण मागता येत नाही, म्हणून चाळणी म्हणून सिबिल पुढे केलं जातं. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की सिबिल स्कोअर कमी आहे एवढ्यावर विद्यार्थ्याचं शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. मी त्याचं कात्रण साहेबांना दाखवलं होतं. ते हसून म्हणाले, "ते केरळचं आहे, काका." पुढे जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही सांगितलं की पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला, त्याचा मागचा इतिहास नाही एवढ्याच कारणाने परत पाठवू नका. म्हणजे मुलं कोरी असली तरी चालतील. अडचण मुलांची नसतेच. त्यांच्या मागे सही करणाऱ्या आमच्यासारख्यांची असते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना आली, तारण नाही, जामीनदार नाही. चांगली आहे. मात्र देशातल्या हजारो कॉलेजांपैकी सुरुवातीला ८६० संस्था त्या यादीत होत्या. तुमच्या पोराचं कॉलेज त्यात आहे का, हे अर्जाआधी बघा. कर्नाटकातल्या महामंडळांची 'अरिवु' योजनाही आहे, दोन टक्के व्याजाची, इकडच्या सीईटीतून व्यावसायिक कोर्सला लागलेल्यांसाठी. माझी पोरगी तिकडच्या सीईटीतून लागली होती. असो.

आता मुद्द्याची गोष्ट. सिबिलकडे, आणि तसल्याच आणखी तीन कंपन्यांकडे, २००५ च्या कायद्याप्रमाणे माहिती कोण पाठवतं? बँका, फायनान्स कंपन्या, क्रेडिट कार्डवाले, मायक्रोफायनान्सवाले. आपल्या सोसायट्यांचा हिशेब बहुतेक वेळा तिथे पोचतच नाही. त्यामुळे सोसायटीचं कर्ज तीनदा घेऊन तीनदा वेळेवर फेडलेला मागवाला सिबिलच्या लेखी जन्मालाच आलेला नाही. त्याच्या पोराने मोबाईल हप्त्यावर घेतला, दोन हप्ते चुकवले, तो मात्र चोख नोंदला गेला आहे. लोक सिबिलला घाबरतात ते वाईट दिसेल म्हणून. माझं दुखणं उलटं आहे, चांगलं दिसतच नाही.

आणि ते चांगलं कुठे आहे? तुमच्याकडे आहे. माझ्या मशीनमध्ये आहे. त्याआधीचं, तुमच्या संस्थांच्या माळ्यावर गठ्ठे बांधून ठेवलेल्या कार्डांत आहे.

एक कार्ड सांगतो. वडगावात भजीचा गाडा चालवणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांचं पहिलं कार्ड २०१३ चं. रोजचे पन्नास रुपये. कधी शंभर नाही, कधी वीस नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये बळ्ळारी नाला चढला, मागांच्या खोल्यांत पाणी शिरलं, गल्ली ओस पडली, तेव्हा नऊ घरं रिकामी आहेत. घरं म्हणजे कार्डावरचे चौकोन. २०२० मध्ये मार्चअखेरपासून सगळंच रिकामं, ते माझ्या सगळ्याच कार्डांवर आहे. त्यानंतर घर रिकामं राहायची वेळ एकदाच आली, सासू वारली तेव्हा. त्या दिवशी भरणा झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो नाही, घरात सुतक होतं. तर तिसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्यात हाक मारून दीडशे रुपये दिले. "तिन्ही दिवसांचं घे, घर मोकळं दिसायला नको."

या बाईची परतफेडीची नियत तपासायला मला अजून कुठली स्क्रीन बघायची गरज आहे, तुम्हीच सांगा.

पण गोष्ट इथे संपत नाही. मावशींचा थोरला डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला लागला. फीचे दहा हजार कमी पडले. आईला सांगायची लाज वाटली. कॉलेजच्या वाटेवर विजेच्या खांबावर कागद होता : सिबिल नको, जामीन नको, दहा मिनिटांत पैसे. त्याने मोबाईलवर ते ॲप घेतलं. दहा हजार मागितले, सहा हजार आठशे हातात पडले, आणि सातव्या दिवशी दहा हजार परत द्यायचे होते. आठव्या दिवशी त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज गेले. मामाला, शाळेच्या सरांना, मलाही. आईचा फोटो लावून घाणेरडं लिहिलेलं होतं. पोराने फोन बंद केला आणि दोन दिवस घरी आला नाही. असल्या ॲपने कर्जदाराच्या फोनमधले नंबर आणि फोटो उघडायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहे. ज्यांना नियम पाळायचाच नाही ते रिझर्व्ह बँकेकडे नोंदवून थोडेच येतात.

मावशींनी पिग्मी मोडली. मी पावती फाडून दिली तेव्हा त्या पावतीकडे बघत नव्हत्या, कढईकडे बघत होत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा कार्ड बंद झालं.

त्यांनी तेव्हा संस्थेत कर्ज का मागितलं नाही, असं तुम्ही विचाराल. मागितलं होतं. दोन जामीनदार लागतील, दोघेही पगारदार, सॅलरी स्लिपसकट, असं काउंटरवर सांगण्यात आलं. भजीच्या गाड्यावर सॅलरी स्लिपवाले लोक भजी खायला येतात, जामीन राहायला येत नाहीत. आणि मी तरी त्यांना दोष कसा देऊ, जामीन राहून माझं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

मायक्रोफायनान्सचंही असंच. दुकानासाठी, म्हशीसाठी म्हणून गटातून उचल करायची आणि कॉलेजची फी भरायची, हे आपल्या भागात घरोघर चालतं. त्या कर्जाचा हप्ता पुढच्याच आठवड्यापासून सुरू होतो. मुलीला पगार मिळायला चार वर्षं असतात. वसुलीचा जाच इतका वाढला की कर्नाटक सरकारला फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यासाठी वटहुकूम काढावा लागला. मीटर बड्डीबद्दल, म्हणजे रोज चढणाऱ्या सावकारी व्याजाबद्दल तर मी लिहीत नाही. रोजच्या व्याजाने फी भरलेली दोन घरं माझ्या फेरीत आहेत, त्यांच्या दारात मी हल्ली थांबत नाही. त्यांच्याकडे पिग्मीला काही उरतच नाही.

म्हणजे 'सिबिल नको' असं म्हणणारा प्रत्येक जण दुसरं काहीतरी बघतच असतो. सराफ सोनं बघतो. ॲपवाला तुमच्या फोनमधले नातेवाईक बघतो. गटवाला बाजूला बसलेल्या नऊ बायका बघतो. तुम्ही सॅलरी स्लिप बघता. काहीच न बघता पैसे कुणी देत नाही आणि देऊही नयेत. इतकी वर्षं पैसा गोळा करून एवढी अक्कल मला आली आहे.

माझ्या एका ग्राहकाचा भाचा अमेरिकेत असतो. तो सांगत होता, तिथे पदवीच्या पोरांना सरकार जे थेट कर्ज देतं त्यात मुलाचा किंवा बापाचा क्रेडिट स्कोअर बघत नाहीत. मला नवल वाटलं. मग त्याने पुढचं सांगितलं : रकमेला आवर आहे. आईबापांवर अवलंबून असलेल्या मुलाला पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, पदवीच्या सगळ्या वर्षांना मिळून ३१,०००, त्याहून जास्त नाही. आणि आईबापांनी वेगळं सरकारी कर्ज मागितलं, तर मात्र त्यांची जुनी थकबाकी तपासतात. तिथली कर्जं पोरांच्या मानेवर वर्षानुवर्षं बसतात हेही तो म्हणाला, म्हणजे सगळं तिकडचं उचलावं असं नाही. पण रक्कम छोटी ठेवली तर माणसाचा इतिहास खणायची गरज कमी होते, हे आपल्याकडेही जमेल.

तर माझी मागणी अशी आहे. कॉलेजच्या फीसाठी पिग्मीच्या कार्डावर कर्ज द्या.

ज्याच्या घरातून पाच वर्षं पिग्मी चालू आहे, वर्षाला अडीचशे तरी दिवस भरणा आहे, त्याला मुलाच्या किंवा मुलीच्या फीसाठी वर्षाला एक लाखापर्यंत कर्ज. सिबिल काढू नका. काढलंच तर नुसतं वाचा, त्यावर नाकारू नका. सॅलरी स्लिप मागू नका. जामीनदाराच्या जागी आई आणि मूल, दोघांची सही. मूल अठराचं झालं की सभासद करून घ्या. पैसे घरच्यांच्या हातात देऊ नका, थेट कॉलेजच्या खात्यात भरा, सेमिस्टरमागे एकदा, आणि पुढच्या सेमिस्टरला मार्कशीट बघितल्याशिवाय भरू नका. हे शेवटचं मी बाप म्हणून सांगतो. पोरगं कॉलेजला जातंय की आरपीडी क्रॉसवर उभं आहे, हे घरच्यांनाही कळलेलं बरं.

हप्त्याचं गणित मी करून बघितलं. आज तुमच्याकडे साधं कर्ज चौदा टक्क्यांनी काढलं तर एक लाखाचा तीन वर्षांचा हप्ता ३,४१८ रुपयांच्या आसपास बसतो, पुढच्याच महिन्यापासून. त्याऐवजी कॉलेजचं कर्ज दहा टक्क्यांनी द्या आणि शिक्षण चालू असेपर्यंत फक्त व्याज घ्या. पहिल्या वर्षी एक लाखाचं व्याज महिन्याला ८३३ रुपये होतं, म्हणजे रोजचे अठ्ठावीस. पिग्मीच्या पन्नासांतून अठ्ठावीस व्याजात आणि बावीस ठेवीत, तेच कार्ड, तोच कलेक्टर, तीच वेळ. चौथ्या वर्षी चार लाख झाले की रोजचे एकशे अकरा लागतात. तोवर घरात कुणाची तरी कमाई वाढलेली असते, नसली तर आधीच कळतं, कारण मी रोज दारात असतो. शिक्षण संपल्यावर चार लाख सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ६,६४० रुपये. नोकरीला लागलेल्या फार्मासिस्टला किंवा नर्सला हे जड आहे, पण अशक्य नाही.

बँकेच्या कर्जाची बरोबरी याला येणार नाही, हेही कबूल करतो. ज्यांचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे त्यांना ठरावीक तांत्रिक आणि व्यावसायिक कोर्सांसाठी बँकेच्या कर्जावर शिक्षणकाळातलं व्याज सरकारकडून मिळतं. सोसायटीच्या कर्जावर ते मिळणार नाही. म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी आधी बँकेतच पाठवतो : आधी तिकडे अर्ज करा, नकार आला तर लेखी मागा, तो घेऊन मग इकडे या. वर्षातून एकदा स्वतःचा रिपोर्ट फुकट बघता येतो तो बघा, चुकीची नोंद असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लावला नाही तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. माझी नोंद चुकीची नव्हती. त्यामुळे माझा हा उपाय खुंटला.

आता तुमचं उत्तर मला ऐकू येतंय. ठेवीदारांचा पैसा आहे, उधळता येत नाही. अगदी खरं. मी त्याच ठेवीदारांच्या दारात रोज उभा असतो, एखादी संस्था अडचणीत आली की पहिला शिव्या खातो तो पिग्मीवाला. आपल्या भागात ठेवी बुडालेल्या संस्थांची नावं मी इथे लिहीत नाही, ठेवीदारांना ती पाठ आहेत. पण त्या कशाने बुडाल्या? प्लॉटिंगच्या कर्जांनी, पाहुण्यारावळ्यांच्या कर्जांनी, बिनव्याजी गेल्यासारख्या ओव्हरड्राफ्टांनी. त्यांतल्या एकाही कर्जाची फाईल सिबिलवाचून अडली नव्हती. नर्सिंगच्या पोरीच्या फीने सोसायटी बुडाली, असं मी तरी शहापुरात ऐकलेलं नाही. भीती वाटत असेल तर एकूण कर्जाच्या दोन टक्के रक्कम बाजूला काढा, त्यातूनच हे द्या आणि ती संपली की त्या वर्षी थांबा.

आपल्या या धंद्याची सुरुवात कुठे झाली ते तुम्हाला मी सांगायला नको. १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ गावात देशातली पहिली सहकारी पतसंस्था निघाली. सावकाराच्या दारात ज्याची पत नव्हती, त्याची पत शेजाऱ्याने सांगायची, एवढीच ती कल्पना. आणि १९२८ मध्ये उडुपीच्या बँकेने रोजचे दोन आणे घ्यायला माणूस दारोदार पाठवला, तिथून माझा जन्म. दोन्ही गोष्टी आपल्याच राज्यातल्या. तुमच्या हॉलमध्ये सहकाराची तत्त्वं फ्रेम करून लावलेली असतात. त्यांच्या खाली उभं राहून मावशींना सॅलरी स्लिप मागितली गेली, म्हणून एवढं लिहिलं.

कर्ज द्यायला पोटनियम बदलावे लागतील, वेळ लागेल, मान्य. तोवर एक काम विनाखर्चाचं आहे. सभासदाला लेटरहेडवर दाखला द्या : याचं खातं अमुक सालापासून, एवढी कर्जं घेतली, एवढी वेळेवर फेडली, पिग्मी इतके दिवस भरली. मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत. बँकेचे साहेब तो मानतील की नाही, हे त्यांच्यावर आहे. पण समोर ६१८ दिसत असताना टेबलावर ठेवायला माझ्याकडे दुसरा कागद असता, तर मी निदान पाच मिनिटं जास्त बसलो असतो.

तुमच्या वार्षिक सभा २५ सप्टेंबरच्या आत होतील. अहवाल वाचला जाईल, लाभांश जाहीर होईल, आणि गेल्या वर्षीसारखा स्टीलचा डबा मिळेल. डबा चांगला आहे, पोरगी हॉस्टेलला घेऊन गेली. यंदा हा विषय घ्या. शेवटी सगळे जेवणाच्या रांगेकडे बघत असतात तेव्हाच्या 'आयत्या वेळच्या विषयां'त नको, विषयपत्रिकेवर नंबर टाकून घ्या. मी जुनी कार्डं घेऊन येतो, वडगावचा एक गठ्ठा माझ्याच घरी आहे. मावशींनी परत सुरू केली आहे. सध्या तीस रुपये.

आपला विश्वासू,
एक पिग्मी कलेक्टर
शहापूर, बेळगाव